‘डेट चेंज फ्री’ लिहिलंय, मग हे साठ हजार कसले?

या वेळचं पत्र न्यू जर्सीहून आलंय, थोडक्यात देते.

“ताई, मी ६२ वर्षांची, मिस्टर ६८. आम्ही साताऱ्याचे. मुलीच्या बाळंतपणासाठी २० जूनला इथे एडिसनला आलो. तिकिटं जावयांनी पुण्याच्या एका एजंटकडून काढली, मुंबई-नेवार्क जाऊन-येऊन, युरोपात विमान बदलून, प्रत्येकी १ लाख १८ हजार. परतीची तारीख १४ नोव्हेंबर. आता मुलगी ऑफिसला जायला लागणार, बाळाला सांभाळणारी बाई अजून मिळत नाहीये, म्हणून मी २२ डिसेंबरपर्यंत थांबावं असं चाललंय. मिस्टर थांबणार नाहीत, त्यांना ऊस तोडणीच्या आत घरी पोचायचंय. तिकिटावर स्पष्ट लिहिलंय की डेट चेंज फ्री, तरी एजंट माझ्या एकटीचे ६१ हजार सांगतोय. जावयांचा मित्र म्हणतो की रिटर्न कॅन्सल करून टाका, अर्धे म्हणजे ५९ हजार परत मिळतील, त्यात नवं तिकीट येतं. एजंट फसवतोय का? काय करावं? – नातीत अडकलेली आजी”

काकू, नातीचं अभिनंदन, आणि अडकलाय ते चांगल्या ठिकाणी अडकलाय. पैशाचं सगळं सांगते, पण त्याच्या आधी एक गोष्ट, कारण पत्र वाचताना मी तिथेच थबकले. २२ डिसेंबर ही तारीख तुम्ही कशी काढलीत? २० जूनला उतरलात म्हणजे इमिग्रेशनवाल्याने नेहमीप्रमाणे सहा महिने दिले असतील तर तुमची मुदत १९ डिसेंबरच्या आसपास संपते. व्हिसा दहा वर्षांचा असतो हे खरं, पण तो दारावर येण्याचा परवाना झाला, आत किती दिवस राहायचं ते आय-९४ नावाच्या प्रवेशाच्या नोंदीवर असतं आणि ते आजकाल पासपोर्टवर चिकटवत नाहीत, अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या साईटवर पासपोर्ट नंबर टाकून बघावं लागतं. जावयांना आज संध्याकाळी पाच मिनिटं लॅपटॉप उघडायला लावा. तिथे १९ डिसेंबर लिहिलं असेल तर २२ चा विषयच संपला, तीन दिवसांसाठी मुदतवाढीचा अर्ज भरणं म्हणजे उंदीर पकडायला वाडा पाडणं, आणि अर्ज न करता राहिलात तर पुढच्या नातवंडाच्या वेळी कॉन्सुलेटच्या खिडकीत उत्तरं द्यावी लागतील. तारीख मागे आली तर गंमत म्हणजे पैसेही कमी होणार आहेत, ते कसं ते पुढे सांगते.

आता एजंट. मी सतरा वर्षं तिकिटाच्या काउंटरवर काढलीत, त्यामुळे एजंट लोकांची बाजू घेते असा माझ्यावर आरोप असतोच, पण तुमचा माणूस बहुतेक फसवत नाहीये. नीट समजावून सांगत नाहीये, तो गुन्हा वेगळा.

तुम्ही सोनाराकडे मोड घालता ना, तसं समजा. जुनी पाटली दिली, नवा गोठ घेतला. सोनार म्हणतो काकू तुमच्यासाठी मजुरी माफ. मजुरी माफ म्हणजे गोठ फुकट नव्हे, जुन्या सोन्याचा हिशोब वजा करून नव्याचा जो फरक येईल तो द्यायचाच असतो. ‘डेट चेंज फ्री’ म्हणजे मजुरी माफ. एअरलाइनच्या भाषेत त्याला चेंज फी किंवा पेनल्टी म्हणतात, ती तुम्हाला शून्य आहे. पण नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर फेअर डिफरन्स द्यावाच लागतो, आणि तुमच्या ६१ हजारात जवळपास सगळा तोच असणार. जाहिरातीत मोठ्या अक्षरात येते ती मजुरी, फरक बारीक अक्षरात. मला विचाराल तर ‘फ्री’ हा शब्द तिथे वापरू देऊ नये, पण मला कोण विचारतंय.

फरक एवढा मोठा का येतो हेही ऐका कारण सगळी किल्ली तिथेच आहे. विमानात मागच्या इकॉनॉमीत सगळ्यांना तीच सीट आणि तोच कोरडा पाव मिळतो पण तिकिटं दहा-बारा वेगवेगळ्या भावांनी विकलेली असतात, आणि प्रत्येक भावाला एक इंग्रजी अक्षर असतं, त्याला बुकिंग क्लास म्हणतात. समजा तुमची परतीची सीट ‘के’ मध्ये काढली होती. त्या विमानात ‘के’ च्या ठराविकच सीट सोडलेल्या असतात, त्या संपल्या की पुढचं महाग अक्षर, ते संपलं की त्याहून महाग. आता डिसेंबरचा दुसरा पंधरवडा म्हणजे अमेरिकेत शाळांना नाताळची सुट्टी, सगळा देसी परिवार पोरंबाळं घेऊन भारतात निघतो, तेव्हा स्वस्तातली अक्षरं केव्हाच बंद झालेली असतात. वर बऱ्याच भाड्यांत सीझनची अट पण असते, म्हणजे अमुक तारखांना निघालात तर हाय सीझनचं भाडं, मग सीट रिकामी का असेना. तुम्ही नेमकी वर्षातली सगळ्यात महाग तारीख मागितलीत आणि एजंटने तीच टाइप करून आकडा सांगितला. त्याने स्वतःहून म्हणायला हवं होतं की काकू दोन आठवडे अलीकडे बघू का. नाही म्हणाला. म्हणून आता तुम्ही विचारायचं, आणि प्रश्न असा विचारायचा: “माझ्या तिकिटाचा जो बुकिंग क्लास आहे तोच क्लास १ ते १२ डिसेंबरमध्ये कोणत्या कोणत्या दिवशी उपलब्ध आहे, आणि तेव्हा सीझन कोणता लागतो?” बस. ‘स्वस्त कधी आहे’ असं विचारलंत तर तो परत एक तारीख टाकून एक आकडा देईल. तोच क्लास आणि तोच सीझन मिळाला तर फरक शून्यावर किंवा टॅक्सच्या किरकोळ रकमेवर येऊ शकतो. मंगळवार-बुधवारी मिळायची शक्यता शुक्रवार-शनिवारपेक्षा जास्त. आणि मुदत १९ ची असेल तर या तारखांत तुम्ही आरामात बसता, विमान एक दिवस लेट झालं तरी.

तुमचं अक्षर कोणतं ते ई-तिकिटाच्या पीडीएफवर असतं, प्रत्येक फ्लाइटच्या ओळीत ‘क्लास’ खाली एकच अक्षर, आणि जवळच ‘फेअर बेसिस’ म्हणून एक अगम्य कोड असतो, अक्षरं-आकडे मिसळून, त्याचं पहिलं अक्षर बहुतेक तेच असतं. तो कोड म्हणजे तुमच्या तिकिटाची जन्मपत्रिका. त्याच्या मागे पानंच्या पानं नियम असतात, सगळे कॅपिटल अक्षरांत, आणि त्यांना नंबर असतात, जगभरचे एजंट तेच नंबर बोलतात. सात नंबर म्हणजे जास्तीत जास्त किती दिवसांत परत यायचं, सोळा नंबर म्हणजे पेनल्टी. जावयांनी एजंटला नुसतं “कॅटेगरी सात आणि सोळाचा टेक्स्ट ईमेल करा” असं लिहिलं तरी समोरचा सरळ बसतो, अनुभवाचे बोल आहेत. सात नंबर तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण काही स्वस्त भाडी तीन महिन्यांची, काही सहा महिन्यांची, काही वर्षाची असतात. तुमचं सहा महिन्यांचं असेल तर आय-९४ सारखीच तिथेही डिसेंबरची भिंत आहे.

सोळा नंबर वाचताना एक ठेच सगळ्यांना लागते. त्यात ‘बिफोर डिपार्चर’ आणि ‘आफ्टर डिपार्चर’ असे दोन भाग असतात. लोकांना वाटतं डिपार्चर म्हणजे परतीचं विमान, ते अजून उडालं नाही म्हणजे आपण ‘बिफोर’ मध्ये. तसं नसतं. डिपार्चर म्हणजे प्रवासाची सुरुवात, तुमचं पहिलं विमान मुंबईहून उडालं तेव्हाच तुम्ही ‘आफ्टर’ मध्ये गेलात. बदलाचे नियम कदाचित दोन्हीकडे सारखे असतील पण रिफंडचे नसतात, ‘आफ्टर’ मध्ये बऱ्याचदा एकच ओळ असते: नॉन रिफंडेबल.

यावरून जावयांच्या मित्राच्या त्या आयडियाकडे येते. अर्धं तिकीट वापरलं म्हणजे अर्धे पैसे उरले हे एसटीच्या बाबतीत ठीक आहे, विमानाचं रिटर्न तिकीट म्हणजे दोन अर्ध्यांची बेरीज नसते. ते एका अटीवर दिलेलं एकत्र भाडं असतं, की तुम्ही जाल आणि परतही याल. परत येणार नाही म्हणालात की एअरलाइन म्हणते, मग जाताना तुम्ही वन-वे गेलात, वन-वे चा भाव लावू. आणि वन-वे चा भाव रिटर्नच्या अर्धा नसतो. समजा, आकडे मी समजण्यापुरते ढोबळ घेतेय, तुमच्या १ लाख १८ हजारात मूळ भाडं ८४ हजार, एअरलाइनचा स्वतःचा सरचार्ज १६ हजार, टॅक्स-फिया १८ हजार. त्या वेळचं मुंबई-नेवार्क वन-वे मूळ भाडं ७१ हजार धरा. ८४ मधून ७१ गेले, उरले १३. त्यातून कॅन्सलेशन पेनल्टी १५ हजार. शिल्लक काही नाही. सरचार्ज परत मिळतो का ते त्या भाड्याच्या नियमावर, बहुतेक स्वस्त भाड्यांत नाही. परत येतात ते फक्त परतीच्या प्रवासाचे न वापरलेले टॅक्स, म्हणजे पाच-सात हजार. ५९ हजार आणि हे! त्या मित्राला सांगा, त्याने स्वतःचं कधी केलं असेल तर स्टेटमेंट दाखव.

पण मित्र अर्धा बरोबर आहे, आणि हे एजंट तुम्हाला सांगणार नाही. नेवार्क-मुंबई वन-वे नव्याने कितीला पडतं ते जरूर बघा, कुठल्याही एअरलाइनचं, तुमच्या तारखेचं. कधी कधी दुसऱ्या एअरलाइनचं साधं वन-वे बदलाच्या फरकापेक्षा स्वस्त निघतं. समजा ४२ हजाराला मिळालं आणि इकडे बदलाचा आकडा ५० हजाराखाली येतच नाही, तर सरळ नवं घ्या. मात्र क्रम नीट ठेवा: आधी नवं तिकीट हातात, मग जुन्याची परतीची फ्लाइट कॅन्सल, मग टॅक्स रिफंडचा अर्ज. आणि कॅन्सल करायचंच, तसंच सोडून द्यायचं नाही. १४ नोव्हेंबरचं विमान तुमच्याशिवाय उडालं तर तो नो-शो, नो-शो ची पेनल्टी वेगळी, आणि तिकीट बदलून मिळण्याचा हक्क पण बऱ्याच भाड्यांत तिथेच संपतो. सामान मात्र बघून घ्या हं, वन-वे स्वस्तात एकच बॅग असते आणि तुमच्या परतीच्या बॅगा मला दिसतायत, मुलीने दिलेले बदाम, डॉलर स्टोअरमधलं सगळं एडिसन आणि शेजारणींची यादी.

अजून एक दरवाजा आहे जो लोक कधी ढकलूनच बघत नाहीत. तुमची १४ नोव्हेंबरची फ्लाइट एअरलाइनने स्वतः हलवलीय का? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून जगभर विमानांचं हिवाळी वेळापत्रक सुरू होतं, त्याच दिवशी युरोपची घड्याळं मागे जातात, अमेरिकेची पुढच्या रविवारी, त्यामुळे जूनमध्ये तुम्ही तिकीट काढलंत तेव्हाच्या वेळा नोव्हेंबरात जशाच्या तशा राहतीलच असं नाही. वेळ बदलली, मधला कनेक्शनचा वेळ तुटला, फ्लाइटचा नंबर बदलला, तर त्याला स्केड्युल चेंज म्हणतात आणि तिथे फरक-पेनल्टी न घेता तारीख थोडी इकडेतिकडे करून देण्याची पद्धत बऱ्याच एअरलाइनमध्ये आहे, किती दिवस ते प्रत्येकीचं वेगळं. त्याने पूर्ण महिना पुढे जाता येईल असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि बदल मोठा असेल तर, अमेरिकेतून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय फ्लाइटसाठी तिथल्या परिवहन खात्याने २०२४ मध्ये केलेल्या नियमात सहा तासांची रेघ आहे, सहा तास किंवा जास्त लवकर निघणार किंवा उशिरा पोचणार असेल आणि तुम्ही तो बदल नाकारलात, तर न वापरलेल्या भागाचे पैसे रोख परत, भाडं नॉन रिफंडेबल असलं तरी. गोची एवढीच की असा मेल तुम्हाला येत नाही, तो जातो बुकिंगमधल्या ईमेलवर, आणि तिथे नव्वद टक्के वेळा एजंटने स्वतःचा आयडी टाकलेला असतो. म्हणून एअरलाइनच्या साईटवर पीएनआर, म्हणजे बुकिंगचा सहा अक्षरी नंबर, आणि आडनाव टाकून वेळा स्वतः बघा आणि जूनच्या पीडीएफशी ताडून बघा. आत्ताच तिथे मुलीचा ईमेल आणि अमेरिकेतला फोन नंबर पण भरून टाका.

बरं, मिस्टर. दोघांचं एकच पीएनआर असेल आणि एकाचीच तारीख बदलायची, तर आधी बुकिंग फोडावं लागतं, एजंट लोक ‘स्प्लिट’ म्हणतात. मिस्टर जुन्यावर राहतात आणि तुम्हाला नवा पीएनआर मिळतो, किंवा उलट. हे न करता जावयांनी ॲपवर चेंज दाबलं तर दोघांची तारीख हलू शकते, म्हणून ॲपला हात लावू नका म्हणावं. फोडल्यावर दोन्ही पीएनआर लिहून घ्या, कुठला कुणाचा ते पण, नाहीतर विमानतळावर मिस्टर तुमचा नंबर दाखवत उभे राहतील.

आता रीइश्यू. हा शब्द एजंटने वापरला असेल आणि त्याचे वेगळे दोन-तीन हजार सांगितले असतील. इथे मी माझी एक फजिती सांगते म्हणजे तुमच्या लक्षात राहील. काही वर्षांपूर्वी माझ्या नणंदेची परतीची तारीख अशीच पुढे ढकलली, एका ओळखीच्या एजंटकडे दिलं कारण मी तेव्हा काम सोडलं होतं. त्याने मेल पाठवला, नवी तारीख, खाली ‘कन्फर्म्ड’. मी स्वतः बघितला तो मेल, सतरा वर्षं काउंटरवर काढलेली बाई, आणि म्हटलं झालं. नणंद चार बॅगा आणि दोन नातवंडं निरोपाला घेऊन विमानतळावर गेली तर काउंटरवरची मुलगी म्हणे बुकिंग आहे पण तिकीट नाही. त्या एजंटने सीट बदलली होती, तिकीट बदललंच नव्हतं. इकडे मध्यरात्री मी त्याला फोन लावतेय, तो झोपलेला, तिकडे काउंटर बंद व्हायला चाळीस मिनिटं. शेवटी तिथेच कार्डवर पैसे भरून रीइश्यू झालं, जे भाव त्या रात्री होते त्या भावाने.

म्हणजे बघा, पीएनआर आणि तिकीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पीएनआर सहा अक्षरांचा, ती फक्त सीटची नोंद, हॉटेलात टेबल राखून ठेवल्यासारखी. तिकीट म्हणजे भरलेल्या पैशाची पावती, त्याला १३ आकडी नंबर असतो, पहिले तीन आकडे एअरलाइनचे, एअर इंडियाचा ०९८, लुफ्थान्साचा २२०, युनायटेडचा ०१६ असे. त्या तिकिटात प्रत्येक फ्लाइटचं एक कूपन असतं आणि त्याचं स्टेटस असतं. तुमची जूनची दोन कूपनं आत्ता ‘फ्लोन’ असतील आणि परतीची दोन ‘ओपन’. तारीख बदलताना भाडं, क्लास सगळं तेच राहिलं तर कधी कधी त्याच तिकिटावर नवी तारीख चढवतात, नंबर बदलत नाही, त्याला रीव्हॅलिडेशन म्हणतात, म्हणजे पाटलीला नुसतं पॉलिश. पण पैशाचा फरक आला की जुनं तिकीट मोडून नवं करतात, जुन्याची उरलेली कूपनं ‘एक्स्चेंज्ड’ होतात आणि १३ आकडी नंबर नवा येतो. हेच रीइश्यू. त्यामुळे पैसे भरल्यावर एजंटकडून ‘कन्फर्म्ड’ चा मेल नको, नव्या तारखेचं ई-तिकीट मागा आणि १३ आकडे जुन्या पीडीएफशी ताडून बघा. पैसे घेतलेत आणि नंबर तोच आहे, तर लगेच विचारा की बाबा रीइश्यू कधी करणार. एअरलाइनला फोन करूनही “माझ्या नव्या फ्लाइटची कूपनं ओपन आहेत का” असं विचारता येतं, दोन मिनिटांत सांगतात.

एजंट रीइश्यूला का घाबरतात तेही सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला त्याची दया येईल. अर्धं वापरलेलं तिकीट रीइश्यू करताना हिशोब किचकट असतो, वापरलेला भाग जुन्या तारखेच्या भाड्याने धरायचा, नवा भाग नियम सांगेल त्या भाड्याने, टॅक्स नव्याने मोजायचे. हिशोब चुकला आणि पैसे कमी घेतले गेले तर एअरलाइन काही महिन्यांनी एजंटला डेबिट मेमो पाठवते, म्हणजे फरक एजंटच्या खिशातून. म्हणून तो दोन-तीन हजार सर्व्हिस चार्ज घेतो आणि थोडा आकडा फुगवूनही सांगतो. दोन-तीन हजार द्यायला हरकत नाही माझ्या मते, पण तोडून सांगायला लावा: पेनल्टी किती, फेअर डिफरन्स किती, टॅक्सचा फरक किती, तुमचा चार्ज किती. चार ओळी व्हॉट्सॲपवर. आणि एअरलाइनच्या कॉल सेंटरलाही तीच तारीख विचारा. प्रवास सुरू झालेल्या तिकिटाचा बदल बऱ्याच एअरलाइन स्वतः करून देतात, “एजंटकडे जा” असं म्हणाल्या तरी आकडा तरी कळतो. दोन आकड्यांत पंधरा हजारांचा फरक असेल तर मग मी माझे वरचे शब्द मागे घेते, तुमचा एजंट साधा नाही.

डॉक्टरचं पत्र देऊन काही होतं का असं तुम्ही विचारलं नाहीये पण कोणीतरी सुचवेलच. सोळा नंबरमध्ये कधी कधी आजारपण किंवा घरातल्या मृत्यूसाठी पेनल्टी माफीची ओळ असते. तुमची पेनल्टी आधीच शून्य आहे, आणि बाळाला सांभाळायला बाई नाही हे आजारपणात बसत नाही, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

पुढच्या वेळेसाठी एकच. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, २०१६ पासूनच्या नियमांत बुकिंगनंतर २४ तासांची मुभा होती, प्रवास ७ दिवसांहून पुढे असेल तर त्या वेळात पेनल्टी न भरता रद्द किंवा बदल, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ४८ तास करण्याचा मसुदाही त्यांनी काढला, तर तिकीट काढाल त्या दिवशी तेव्हाचा नियम बघून घ्या. नॉन रिफंडेबल तिकीट रद्द केलं तरी सरकारी टॅक्स आणि विमानतळाच्या फिया परत द्याव्यात, एजंटमार्फत काढलं असलं तरी जबाबदारी एअरलाइनची, आणि पैशाऐवजी क्रेडिट घ्यायचं का हे प्रवाशाने ठरवायचं, हेही त्याच नियमांत आहे. परदेशी एअरलाइनला मात्र रिफंडच्या पद्धतीत त्यांच्या देशाचा कायदा लावायची मोकळीक दिलीय. आणि आजी-आजोबांची बाळंतपणाची तिकिटं काढताना परतीची तारीख हलणारच असं धरूनच चालावं, म्हणजे जास्तीत जास्त मुदत वर्षाची आहे असं भाडं घ्यावं, तीन-चार हजार जास्त गेले तरी. सतरा वर्षांत मी पहिल्या तारखेला परत आलेली आजी बघितली नाही, आजोबा बघितलेत.

तर तुमचं या आठवड्यातलं काम: आय-९४ ची तारीख, मग पीडीएफवरचं अक्षर, मग १ ते १२ डिसेंबरचा प्रश्न एजंटला आणि एअरलाइनला दोघांना. थांबू नका, डिसेंबरची स्वस्त अक्षरं रोज कमी होत जातात. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीचे दिवस पण टाळा. तारीख ठरली की ट्रॅव्हल इन्शुरन्स वाढवून घ्या, जुना संपायच्या आत, संपल्यावर वाढवून देतीलच असं नाही, आणि बीपीच्या गोळ्या तेवढे दिवस पुरतायत का मोजा.

शेवटचं म्हणजे व्हीलचेअर. नव्या फ्लाइटवर तुमची व्हीलचेअर, व्हेज जेवण आणि पैसे भरून घेतलेली सीट आपोआप येत नाही, बऱ्याचदा सगळं परत टाकावं लागतं. युरोपातल्या त्या विमानतळावर मिस्टर नसताना एका टर्मिनलहून दुसऱ्याला तुम्ही एकट्या चालत जाणार नाही आहात, तर रीइश्यू झाल्या झाल्या त्याच फोनवर व्हीलचेअर नोंदवायला सांगा, मुंबईपर्यंतच्या दोन्ही फ्लाइटवर. मिस्टरांच्या बुकिंगवर पण त्यांचं जेवण अजून व्हेजच आहे ना ते बघा, पीएनआर फोडताना तेही गळू शकतं, आणि मग नऊ तास नुसत्या पावावर काढल्याचं तुम्हाला डिसेंबरपर्यंत रोज फोनवर ऐकावं लागेल.